खांदेरीची बत्ती: कुणी बांधली, कुणासाठी बांधली?

ओहोटी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझं आजोळ थळ. अलिबागच्या उत्तरेला, समुद्राला खेटून असलेलं. मे महिन्यात रात्रीची जेवणं उरकली की आम्ही सगळी पोरं वाळूत जायचो आणि खांदेरीची बत्ती मोजायचो. एक झळक दिसली की आकडे सुरू, पुढची दिसली की बंद. ज्याचा आकडा चुकेल त्याने परत येताना सगळ्यांच्या चपला उचलायच्या. मी बऱ्याच चपला उचलल्या आहेत.

यंदा बऱ्याच वर्षांनी गेलो. मामाला विचारलं, ही बत्ती कुणी बांधली? मामा म्हणाला, "इंग्रजानं." शेजारचे काका म्हणाले, "काय बोलतोस, किल्ला महाराजांचा तर बत्ती इंग्रजाची कशी?" दोघांचं जुंपलं आणि मी पुण्याला येऊन वाचत बसलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो. चुकलं असेल तर दुरुस्त करा.

थळहून समुद्राकडे पाहिलं की दोन बेटं दिसतात. जवळची उंदेरी, तिच्या मागे खांदेरी. इंग्रजी कागदांत ही जोडी हेनरी-केनरी अशी येते. मुंबई बंदरात दक्षिणेकडून शिरणाऱ्या जहाजाला खांदेरी चुकवता येत नाही. म्हणूनच शिवाजी महाराजांची नजर तिच्यावर होती. १६७२ मध्ये एकदा तटबंदीचा प्रयत्न झाला, तो इंग्रज आणि सिद्दी यांच्या विरोधामुळे थांबला. मग १६७९ च्या ऑगस्टअखेर मायनाक भंडारी दीडेकशे माणसं घेऊन बेटावर उतरला आणि दगड रचायला लागला.

इंग्रजांनी ताबडतोब जहाजं पाठवली. रिव्हेंज नावाची मोठी फ्रिगेट आणली, बेटाभोवती गस्त घातली, आणि तरीही काम थांबेना. कारण सामान यायचं रात्री. दगड, चुना, धान्य, माणसं, सगळं अंधारात, छोट्या होड्यांतून, उथळ पाण्यातून. इंग्रजांची खोल बुडाची जहाजं त्या पाण्यात शिरायला घाबरत आणि वारा पडला की जागची हलत नसत. सकाळी बघावं तर तट हातभर वर आलेला! १८ ऑक्टोबर १६७९ ला महाराजांचा सरदार दौलतखान याच्या आरमाराने थेट हल्ला चढवला, इंग्रजांचं डव्ह हे गलबत पकडलं. पुढे जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासमने उंदेरी धरली, आणि दोन बेटं एकमेकांवर तोफा डागत बसली. खांदेरी मात्र मराठ्यांकडेच राहिली. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून आरमार घेऊन आला, तोही कान्होजी आंग्र्यांकडून मार खाऊन परत गेला.

पेशवाई बुडाल्यावर खांदेरी इंग्रजांच्या हाती गेली आणि १८६७ मध्ये त्यांनी खांदेरीवर दीपगृह उभारलं. तेव्हा मामा जिंकला, काका हरले.

मला गंमत वाटते ती अशी, की हे बेट अंधाराच्या जोरावर उभं राहिलं आणि पुढे दीडशे वर्षं उजेड देत राहिलं. प्रश्न असा: हा उजेड थळच्या कोळ्यांच्या कधी उपयोगी पडला का? की तो फक्त मुंबईला येणाऱ्या आगबोटींसाठीच होता?

---

गडवेडा_सात

उत्तम धागा. खांदेरीला तीनदा गेलोय, थोडी भर घालतो.

बेटावर दोन उंचवटे आहेत. बंदराच्या बाजूला वेताळाचं देऊळ आहे. आत मूर्ती नाही, मोठा थोरला पाषाण आहे. कोळी समाजाची त्याच्यावर फार श्रद्धा. तो दरवर्षी थोडा वाढतो असं तिथले लोक सांगतात. वाटेत एक दगड आहे, त्यावर दुसरा दगड आपटला की भांड्यावर आपटल्यासारखा टणत्कार होतो. प्रत्येक ग्रुप तिथे पंधरा मिनिटं घालवतो आणि मग दीपगृह बघायला वेळ उरत नाही, हा माझा अनुभव.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने 'मराठ्यांची लष्करी भूदृश्ये' या नावाखाली जे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले त्यात खांदेरी आहे. आणि १९९८ पासून या बेटाचं अधिकृत नाव कान्होजी आंग्रे बेट आहे. थळमध्ये मात्र सगळे खांदेरीच म्हणतात.

---

कट्टर_कोकणी

धागाकर्त्याने इंग्रजांना फुकटचं श्रेय दिलंय. आमच्या ग्रुपवर मेसेज आला होता की महाराजांनी खांदेरीवर दीपगृह बांधलं होतं आणि इंग्रजांनी त्यावर फक्त रंग मारला. आपलं ते आपलं म्हणायला काय जातं?

---

ओहोटी

कट्टर_कोकणी, मेसेज मलाही आला होता. पण जरा विचार करा हो. शत्रूची जहाजं चारी बाजूंनी घिरट्या घालतायत, आपल्या होड्या लपतछपत येतायत, अशा वेळी बेटावर दिवा कोण लावेल? दीपगृह नव्हतं यात कमीपणा कसला? अंधार ठेवणं हाच तर डाव होता.

---

गडवेडा_सात

+१. शिवाय महाराजांनी खांदेरीवर जे केलं ते दीपगृहापेक्षा कितीतरी अवघड होतं. पावसाळा सरता सरता, खवळलेल्या समुद्रात, वैरी दारात असताना तट बांधला. त्याला उगाच दिवे लावायची गरज नाही. (कोटी अनवधानाने झाली आहे.)

---

कापूसकोंड्या

१८६७ हे साल इंटरेस्टिंग आहे. सुएझ कालवा झाल्यावर बोटी वाढल्या म्हणून बांधलं असणार.

---

ओहोटी

सुएझ १८६९ चा. दीपगृह आधीचं.

---

कापूसकोंड्या

अरेच्चा, खरंच की. मग माझ्या नावाला जागतो आणि कापसाकडे वळतो. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं होतं, तिकडचा कापूस बंद झाला, लँकेशायरच्या गिरण्यांना माल हवा होता आणि तो मुंबईतून जायला लागला. पैशाचा नुसता पूर आला. समुद्र बुजवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, १८६५ मध्ये फुगा फुटला, अनेकांची दिवाळी-दिवाळं एकदमच झालं. पण बंदर मोठं झालं ते झालंच. जहाजं येत राहिली, आणि माल जितका महाग तितकी खडकावर आपटण्याची भीती जास्त. माझ्या मते खांदेरीच्या बत्तीमागे ही पार्श्वभूमी आहे. पुढे १८७३ मध्ये बंदरासाठी पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यानंतर लवकरच कुलाब्याच्या दक्षिण टोकाला खडकांच्या रांगेवर प्राँग्ज दीपगृह उभं राहिलं. ओहोटीला तिथवर खडकावरून चालत जाता येतं, पण तो भाग नौदलाच्या हद्दीत आहे, तेव्हा उगाच प्रयोग करू नका.

म्हणजे बोट दक्षिणेकडून आली की आधी खांदेरी, मग प्राँग्ज, मग बंदराच्या आतल्या छोट्या बत्त्या.

---

नाखवीण

मी कोळीवाड्यातली, म्हणून ओहोटींच्या शेवटच्या प्रश्नाला उत्तर देते.

माझे बाबा तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख होते. मी दहाबारा वर्षांची असताना त्यांना विचारलं होतं, बाबा, रात्री बत्ती दिसली की बरं वाटतं का? ते म्हणाले, "बत्ती दिसली म्हंजे घर नाय आलं, खडक आला."

तेव्हा मला ते फार रुक्ष वाटलं. पण बरोबर होतं. दीपगृह "इकडे या" म्हणत नाही, "इकडे येऊ नका" म्हणतं. हे किनाऱ्यावरच्या माणसाच्या लक्षात येत नाही, त्याला ते चित्रातल्यासारखं गोड दिसतं.

आमच्या लोकांच्या खुणा वेगळ्या. दिवसा डोंगर. कनकेश्वरचा डोंगर, आणि आकाश स्वच्छ असलं तर लांबवर कर्नाळ्याचा सुळका. एक जवळची खूण आणि एक लांबची खूण, दोन्ही एका रेषेत आल्या की समजायचं आपण अमुक जाळ्यावर आलो. दुसरीकडे तशीच आणखी एक जोडी. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे तुमची जागा. कागद नाही, होकायंत्र नाही. आता त्यात थळच्या खत कारखान्याचे मनोरे आणि त्याचे दिवे यांची भर पडली आहे. रात्री तारे, वाऱ्याची दिशा, पाण्याची ओढ, आणि उथळ भागात शिसाची दोरी टाकून वाव, म्हणजे पाण्याची खोली, मोजायचे. दोरीच्या टोकाला चिकटून येणारा चिखल की वाळू हे बघूनही बाबा जागा सांगायचे.

मग बत्तीचा उपयोग काय? होता, पण आडून. आमची डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, पाण्याच्या ओढीत तोंड उघडून उभी. मोठी बोट वाट सोडून आत आली की जाळं, खुंट, दोरखंड, सगळं फाडून जाते आणि तिला कळतही नाही. बत्ती मोठ्या बोटींना त्यांच्या वाटेवर ठेवते. त्या वाटेवर राहिल्या की आमची जाळी राहतात. बाबांच्या भाषेत, बत्ती साहेबाची, पण राखण आमची करते.

---

ओहोटी

नाखवीण, यासाठीच धागा काढला होता. बाबांचं वाक्य मामाला सांगणार.

---

तिसरा_मेट

नाखवीणताईंच्या बाबांना सलाम. मी मर्चंट नेव्हीत आहे, ते म्हणाले तेच आम्हाला वर्गात तीन तास शिकवतात.

जहाजाच्या पुलावरून, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथून, दीपगृहाकडे आम्ही कसं बघतो ते सांगतो. पहिली गोष्ट ओळख. प्रत्येक बत्तीची झळकण्याची लय ठरलेली असते आणि ती नकाशावर छापलेली असते. किती झळका, किती सेकंदांनी, रंग कोणता. शेजारच्या दोन बत्त्यांची लय सारखी ठेवत नाहीत. ओहोटींचा चपलांचा खेळ म्हणजे आमचंच काम, फक्त आम्ही स्टॉपवॉच वापरतो आणि चपला उचलत नाही. झळकेपेक्षा अंधार जास्त असेल तर ती झळकती बत्ती. उजेड जास्त आणि मध्येच अंधाराची डुलकी असेल तर तिचा प्रकार वेगळा, तिला आम्ही ऑकल्टिंग म्हणतो. दिवसा लय उपयोगाची नाही, म्हणून मनोऱ्याचा आकार आणि रंगाचे पट्टे बघायचे.

दुसरी, किती लांबून दिसेल. पृथ्वी गोल आहे, त्यामुळे बत्ती कितीही प्रखर असली तरी क्षितिजाखाली गेली की गेली. ढोबळ हिशेब असा: बत्तीच्या उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, २.०८ ने गुणा, तितके सागरी मैल. त्यात बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचा तसाच आकडा मिळवा. समजा बत्ती पाण्यापासून ५० मीटर वर आहे, तर १४.७ मैल. होडीत उभ्या माणसाचा डोळा ४ मीटरवर, तर आणखी ४.२. एकूण १९ च्या आसपास, म्हणजे साधारण ३५ किलोमीटर. तुम्ही वाळूत बसलात तर कमी. म्हणून दीपगृह टेकडीवर बांधतात, मनोरा उंच करण्यापेक्षा डोंगर स्वस्त पडतो.

तिसरी मला सगळ्यात आवडणारी. एकाच बत्तीवरून अंतर काढता येतं. बोट सरळ चालली आहे. बत्ती नाकासमोरच्या दिशेपासून ४५ अंशांवर आली की घड्याळ लावा. ती बरोबर आडवी, ९० अंशांवर आली की थांबवा. या वेळात बोट जितकी पुढे गेली तितकीच बत्ती तुमच्यापासून लांब आहे. १० नॉटने (म्हणजे ताशी १० सागरी मैल) अर्धा तास गेला, तर ५ मैल. काटकोन त्रिकोण, दोन बाजू सारख्या, सातवी-आठवीची भूमिती. रडार बंद पडलं तरी हे चालतं.

आता तक्रार. मुंबईकडे येताना मागे शहराचा इतका झगमगाट असतो की बत्त्या शोधाव्या लागतात. टॉवर, जाहिराती, क्रेन, सगळे लुकलुकतात. १८६७ च्या माणसाला हा त्रास नव्हता.

---

नाखवीण

म्हणजे दोन डोंगर एका रेषेत आणणं आणि तुमचं ४५ अंश हे सख्खे भाऊच की.

---

तिसरा_मेट

अगदी. तुमचा भाऊ मोठा.

---

जुनी_वही

कुणी दिव्याबद्दल बोलत नाही म्हणून मी बोलते. मला इतिहासापेक्षा यंत्रात रस.

दीपगृहाची खरी अडचण अशी की दिवा चारी बाजूंना, वर आणि खाली उजेड सांडतो आणि आपल्याला हवा असतो फक्त क्षितिजाकडे. भारतात सुरुवातीला चक्क खोबरेल तेलाचे दिवे होते. मद्रासच्या किल्ल्यात १७९६ पासून खोबरेलाच्या मोठ्या दिव्यांवर बत्ती चाले. अठराव्या शतकाच्या अखेरीला आर्गांचा पोकळ वातीचा, काचेच्या चिमणीचा दिवा आला, ज्योत स्वच्छ आणि प्रखर झाली. मग फ्रेनेल नावाच्या फ्रेंच माणसाने १८२० च्या दशकात कमाल केली. जाड भिंगाऐवजी त्याने काचेच्या कड्या आणि लोलक एकात एक बसवले, असे की वर-खाली जाणारा उजेडही वाकून आडवा बाहेर पडावा. १८२३ मध्ये फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपगृहात ते पहिल्यांदा लागलं. त्याच ज्योतीचा उजेड मैलोगणती पुढे गेला. जुन्या गाड्यांच्या दिव्यांच्या काचेवर रेघा दिसायच्या, ते याचंच नातवंड.

झळक कशी निर्माण होते? दिवा उघडझाप करत नाही. दिवा स्थिर, भिंगं त्याच्याभोवती फिरतात, आणि झोत तुमच्या अंगावरून गेला की तुम्हाला झळक दिसते. फिरवायला घड्याळासारखं यंत्र, मनोऱ्याच्या पोटात लोंबणारं वजन, आणि ते रात्रभर ठरावीक वेळाने किल्ली फिरवून वर घ्यायचं. राखणदार झोपला की लय बिघडली. भिंगाचं वजन टनांत, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ते पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवायला लागले. बोटाने ढकललं तरी फिरे. पारा शरीराला वाईट.

आणि दिवसा राखणदार भिंगाभोवती पडदे लावत. का, ओळखा.

---

आळशी_कासव

धूळ बसू नये म्हणून?

---

जुनी_वही

नाही. सूर्याचे किरण भिंगातून उलटे आत आले तर दिवाघर पेटेल म्हणून. लहानपणी आपण भिंगाने कागद जाळायचो ना, तेच, खोलीएवढ्या भिंगाने.

---

आळशी_कासव

बापरे. मग आता खोलीएवढा पडदा कोण धुणार हा प्रश्न.

---

चेन्नईकर_मराठी

अवांतर आहे, पण मद्रासचा उल्लेख आला म्हणून राहवत नाही. इथली बत्ती भाडेकरूसारखी घरं बदलत गेली. आधी किल्ल्यात, मग १८४४ पासून ग्रीक थाटाच्या दगडी खांबावर, मग १८९४ पासून थेट हायकोर्टाच्या घुमटावर. खाली न्यायमूर्ती, वर बत्ती. १९७७ मध्ये मरीनाच्या किनाऱ्यावर आताचं दीपगृह झालं, त्याला लिफ्ट आहे. महाबलीपुरमला तर पल्लवकालीन ओलक्कणेश्वर मंदिराच्या माथ्यावरच एके काळी दिवा लावत, शेजारी दगडी दीपगृह होईपर्यंत.

तेव्हा किल्ल्यात इंग्रजी दीपगृह हा फक्त खांदेरीचा प्रकार नाही. समुद्राजवळची उंच जागा आधी देवाची किंवा राजाची असते, नंतर बत्तीची होते.

---

कट्टर_कोकणी

मंदिरावर दिवा लावायला इंग्रजांना परवानगी कुणी दिली?

---

चेन्नईकर_मराठी

कुणी विचारली असेल असं वाटत नाही.

---

रेवसची_लाट

एक जड विषय काढते. १७ जुलै १९४७. गटारी अमावास्येचा दिवस, सकाळी मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट काश्याच्या खडकाजवळ उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावात असं घर नाही जिथे ही गोष्ट सांगितली गेली नाही.

सांगायचं ते हे, की ही घटना रात्रीची नव्हती. जवळपास बत्त्या होत्या, बंदर नजरेच्या टप्प्यात होतं, आणि तरी झालं. पावसाळी समुद्र, वारा, खचाखच भरलेली बोट, आणि लाट आली तशी सगळे एका बाजूला धावले. दीपगृह खडक दाखवतं, बोटीत किती माणसं भरली ते मोजत नाही. त्या दिवशी वाचवलं कुणी? मुंबईला मासळी घेऊन निघालेल्या कोळ्यांनी. टोपल्यातली मासळी समुद्रात ओतली आणि माणसं उचलली.

दीपगृहाच्या इतिहासात हे बसतं की नाही मला माहीत नाही. पण त्या पाण्याचा इतिहास लिहायचा तर हे वगळता येत नाही.

---

ओहोटी

बसतं. माझी आजीही सांगायची. ती आकडा कधी सांगत नसे, नावं सांगायची.

---

सरळ_मुद्दा

सगळं छान, भावनिक वगैरे. पण आता प्रत्येक होडीत मोबाइल आहे, जीपीएस आहे. दीपगृहांवर खर्च कशाला? संग्रहालय करा आणि तिकीट लावा.

---

तिसरा_मेट

खर्च जहाजांकडूनच वसूल होतो. बंदरात येणाऱ्या जहाजांना दीपशुल्क भरावं लागतं, १९२७ च्या दीपगृह कायद्यापासून. २०२१ मध्ये त्याची जागा सागरी दिशादर्शन साधनांच्या नव्या कायद्याने घेतली, पण शुल्क आहेच. छोट्या होड्यांना ते नाही.

आणि जीपीएसचं म्हणाल तर, पडद्यावर दिसणारी जागा ही एका यंत्राने सांगितलेली गोष्ट आहे. सिग्नल चुकतो, मुद्दाम चुकवलाही जातो, तारेतलं पाणी, बॅटरी, काहीही. बत्ती डोळ्याला दिसते. आमचे कप्तान म्हणायचे, पडदा बघा, मग खिडकीबाहेर बघा, दोघांचं पटत नसेल तर खिडकीवर विश्वास ठेवा. मी ते अजून पाळतो.

---

नाखवीण

मोबाइल आमच्याकडेही आहे. माझा भाऊ आता जाळ्याच्या जागा त्यात साठवून ठेवतो. गेल्या वर्षी फोन पाण्यात पडला, पंधरा वर्षांच्या जागा गेल्या. बाबा असते तर हसले असते. भाऊ आता डोंगर शिकतोय, पन्नाशीला.

---

सरळ_मुद्दा

हा मुद्दा मान्य.

---

भटकी_पाल

खांदेरीला जायचा विचार करणाऱ्यांसाठी इशारा. आम्ही मागच्या हिवाळ्यात एका होडीवाल्याशी तोंडी ठरवून गेलो. परवानगीचं विचारलं तर "काय नाय लागत" म्हणाला. धक्क्यावर उतरलो तर राखणीच्या माणसांनी हटकलं, दीपगृहाकडे जाऊ दिलं नाही, बरोबरच होतं त्यांचं. वर होडीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाला आणायला गेला तो ओहोटी लागल्यावर आला. तीन तास वेताळाच्या ओट्यावर बसून बिस्किटं खाल्ली. बेट बंदर प्राधिकरणाच्या ताब्यात आहे, आधी रीतसर विचारून जा, आणि पावसाळ्यात तर जाऊच नका.

---

गडवेडा_सात

तीन तासांत टणत्कारवाला दगड तरी वाजवला ना?

---

भटकी_पाल

चाळीस वेळा.

---

जुनी_वही

राखणदारांचं कुणी लिहिलं नाही. बेटावरच्या बत्तीवर माणूस ठेवणं म्हणजे पावसाळ्यात त्याला जगापासून तोडणं. आमच्या ओळखीतले एक आजोबा किनारपट्टीवरच्या एका बेटावर नोकरीला होते. कुठल्या ते सांगत नाही, घरच्यांना आवडणार नाही. ते म्हणत, जूनच्या आधी धान्य, रॉकेल, काड्यापेट्या, औषधं सगळं वर चढवायचं, कारण एकदा समुद्र उधाणला की होडी धक्क्याला लागत नाही. लाट आणि धक्का यांच्यात होडी चिरडते. पहिले आठ दिवस माणसं एकमेकांशी खूप बोलतात, मग सगळ्यांच्या गोष्टी संपतात. ऑगस्टमध्ये ते तिघं एकमेकांना "काय" एवढंच विचारायचे आणि समोरचा "काही नाही" म्हणायचा. आजोबांना निवृत्तीनंतर रात्री दर काही तासांनी जाग यायची. वजन वर घ्यायची वेळ.

---

आळशी_कासव

हे वाचून गप्प झालो.

---

कट्टर_कोकणी

धागाकर्ते, एक विचारतो, आता वाद म्हणून नाही. नौदलाच्या पाणबुडीचं नाव खांदेरी आहे ते याच बेटावरून ना?

---

गडवेडा_सात

याच बेटावरून. पहिली आयएनएस खांदेरी १९६८ मध्ये दाखल झाली, १९८९ मध्ये निवृत्त. दुसरी २८ सप्टेंबर २०१९ ला दाखल झाली. आणि पाणबुडी म्हटल्यावर दिवे बंद करून, गुपचूप. मायनाक भंडारीला पटलं असतं.

---

कट्टर_कोकणी

हे मात्र झकास. तो मेसेज डिलीट केला.

---

ओहोटी

सगळ्यांचे आभार. काल रात्री मामाला फोन करून नाखवीणताईंच्या बाबांचं वाक्य सांगितलं. मामा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "बरोबर हाय. आपण पोरांना उगाच मोजायला शिकवलं." मी म्हटलं, मामा, मोजल्यावरच कळतं ना ती कुठली बत्ती ते. तर म्हणाला, "थांब, भायेर जातो." फोन कानाला तसाच. समुद्राचा आवाज, कुत्रं भुंकलं, आणि मग मामा मोठ्याने आकडे मोजायला लागला. सातावर त्याला खोकला आला आणि गणती चुकली.